‘इतर’ रकान्यातली मेंढरं

रस्त्याच्या कडेला बसून गाड्या मोजायचं काम मी गेली चौदा वर्षं करते. सांगितलं की लोक हसतात. ‘त्यात काय मोजायचं? गाड्या येतात नि जातात,’ म्हणतात. पण राज्यमार्ग रुंद करायचा असला की सगळ्यात आधी आमच्यासारख्यांना जाऊन बसावं लागतं. सात दिवस, पाळ्या लावून. कोण जातं, किती जातं, कुठून कुठं जातं. त्यावरून रस्त्याची रुंदी ठरते, मोऱ्या ठरतात, दुभाजक कुठं फोडायचा आणि कुठं नाही ते ठरतं. आमच्या तक्त्यात दुचाकीपासून उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीपर्यंत प्रत्येकाला स्वतःचा रकाना आहे. बैलगाडीलाही आहे. ज्याला रकाना नाही तो ‘इतर’मध्ये जातो. त्या ‘इतर’मध्ये मी एकदा पंचवीस हा आकडा लिहिला आणि पुढचे कितीतरी महिने तोच निस्तरत बसले.

तो रस्ता कोरेगावकडून पूर्वेला निघतो आणि सांगली जिल्ह्याच्या कोरड्या भागात उतरतो. नंबर सांगत नाही, कारण काम अजून कागदावर आहे आणि माझी नोकरीही चालू आहे. ऊस संपून माळ सुरू होतो तिथं, एका फाट्याच्या अलीकडं, एक जुनी पाणंद या रस्त्याला आडवी ओलांडते. दोन्ही अंगांना बाभळी, मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट. नकाशावर ती तुटक रेघेनं दाखवलेली असते. दिवाळी झाली की आटपाडी-जतकडचे मेंढपाळ आपापली मेंढरं घेऊन या वाटेनं पश्चिमेला निघतात. कोणी कोरेगाव भागातल्या रानांत खतासाठी मेंढरं बसवतं, कोणी पार कोयनानगरचा घाट उतरून कोकणात जातं. उन्हाळा सरत आला की सगळे परत येतात. आमच्या अभ्यासात अशा पाणंदींचाही समावेश होता. रस्ता चौपदरी झाल्यावर या वाटांचं काय करायचं, हे आम्हीच लिहून द्यायचं होतं.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. पाणंदीच्या तोंडाशी मी घडीची खुर्ची टाकून बसले होते. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट, मांडीवर पॅड. आमचे सर, म्हणजे या प्रकल्पाचे प्रमुख, मागं गाडीला टेकून फोनवर बोलत होते. तेवढ्यात पाणंदीतून मेंढरं आली. पुढं एक म्हातारा, खांद्यावर घोंगडी. ते सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, काठी आडवी धरली, गाड्या थांबल्या आणि मागून कळप रस्त्यावर सांडायला लागला. मेंढरं पलीकडं गेल्यावर मी उठून त्यांच्याजवळ गेले.

‘मामा, किती मेंढरं आहेत?’ मी विचारलं. मराठी अगदी पुस्तकातली.

‘हायती पाच-पंचवीस,’ ते म्हणाले.

मी कळपाकडं पाहिलं. पाहायची गरजही नव्हती. मेंढरांना रस्ता ओलांडायला किती वेळ लागला त्यावरूनच मला कळलं होतं की तीनशेच्या खाली ती नक्की नाहीत. आणि मामा असं का म्हणाले तेही मला ठाऊक होतं. आमच्याकडं मेंढरांचा आकडा कोणी तोंडानं उच्चारत नाही. मोजली की दृष्ट लागते, मग एकेक करून कमी व्हायला लागतात, अशी पक्की समजूत. कोणी विचारलंच तर पाच-पंचवीस म्हणायचं. विचारणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं आणि तंबाखूचा विषय काढायचा. ‘आमच्याकडं’ म्हणते, कारण माझे वडील मेंढपाळ होते.

तक्त्यात एक ओळ असते, ‘पाहणीनुसार अंदाज’. मी तिथं तीनशे लिहायला हवं होतं. कोणी अडवलं नसतं. पण मागून सरांनी विचारलं, ‘किती म्हणाले?’ आणि माझ्या तोंडून गेलं, ‘पंचवीस, सर.’

‘लिहा मग.’

मी लिहिलं. अंदाज म्हणून तीनशे लिहिले असते तर सरांनी पुढचा प्रश्न विचारला असता, तुम्हाला कसं कळलं? त्या प्रश्नाला मी घाबरले. हे आता इतकं सोपं लिहिता येतंय, तेव्हा मी स्वतःलाही असं सांगितलं नव्हतं.

मामांची कुत्री माझ्याभोवती फिरून हुंगत होती आणि मी जागची हलले नाही. ते त्यांनी पाहिलं असावं. ‘कुटल्या गावची गं तू?’ त्यांनी विचारलं.

‘कोरेगावची,’ मी म्हणाले. ते खोटं नाही. कोरेगाव माझं सासर आहे. ऊसवाल्यांचं घर, नवरा फौजेत, सध्या उत्तरेला कुठंतरी बर्फात. कामासाठी मी साताऱ्यात राहते आणि आई गेल्यापासून वडील, म्हणजे आमचे आबा, माझ्याकडं असतात. आबांनी मेंढरं विकली तेव्हा मी सहावीत होते. त्यानंतर विट्याला वसतिगृह, मग डिप्लोमा, मग ही नोकरी. ऑफिसात कोणी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सगळे मला कोरेगावच्या बागायतदारांची समजायचे. मला ते सोयीचं होतं. आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही.

मसुदा अहवाल एप्रिलच्या अखेरीला तयार झाला. जाडजूड फाईल, मागं घडी घातलेले नकाशे. मी आधी बाकीचं सगळं वाचलं आणि पाणंदीचं पान शेवटी उघडलं. तिथं लिहिलं होतं की या वाटेवर गुरांची ये-जा किरकोळ आहे, एका वेळी साधारण पंचवीस. सबब वेगळ्या भुयारी मार्गाची आवश्यकता नाही. पाणंदीच्या दोन्ही तोंडांना लोखंडी कठडा बसवावा. जनावरांनी दीड किलोमीटरवरच्या दुभाजकातल्या मोकळ्या जागेतून रस्ता ओलांडावा.

दीड किलोमीटर. तीनशे मेंढरं, कडेनं भरधाव गाड्या, एका अंगाला कठडा. मेंढरू बिचकलं की एकटं बिचकत नाही. एक जिकडं उडी मारेल तिकडं सगळी उडी मारतात. मी ते पान मिटलं, पुन्हा उघडलं. जुन्या तक्त्याची स्कॅन काढून पाहिली. वाटलं, कदाचित दुसऱ्या कोणाच्या पाळीतला आकडा असेल. अक्षर माझंच होतं. खाली सही माझी. बाकीच्या सहा दिवसांत जे चार कळप गेले त्यांच्या धन्यांनीही पाळीवर बसलेल्या आमच्या पोरांना तसेच आकडे सांगितले होते, चाळीस, तीस, ‘थोडी हायती’. पोरांनी बिचाऱ्यांनी ऐकलं तसं लिहिलं. त्यांना काय माहीत? पण मला माहीत होतं.

आठवडाभर मी स्वतःची समजूत घालत होते. मसुदा आहे, बदलेल. बांधकाम विभागाचे अधिकारी जागेवर येतील, बघतील. गावकरी हरकत घेतील. पण मेंढपाळ गावकरी नसतात. हरकती मागवल्या जातात तेव्हा ते कुठल्यातरी रानात दीडशे किलोमीटर लांब असतात. नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते आणि ते परत येईपर्यंत उन्हानं पिवळी पडते. भाजी निवडता निवडता माझा हात थांबायचा. स्कूटीवर पोवई नाक्याच्या सिग्नलला हिरवा दिवा लागलेला कळायचा नाही, मागचे हॉर्न द्यायचे.

शेवटी एका सकाळी चहा पिताना मी आबांना सांगितलं. सगळं नाही, फक्त एवढंच की पाणंदीवर पंचवीस लिहिलंय आणि वाट बंद होणार आहे.

‘कुनी ल्ह्यलं?’ आबांनी विचारलं.

‘मी.’

आबांनी कप खाली ठेवला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतंच विचारलं, ‘तुला म्हाईत न्हवतं व्हय?’

‘माहीत होतं.’

‘मग?’

आबा उठून गॅलरीत गेले. तिथं उभं राहिलं की खालच्या गल्लीतलं पार्किंग दिसतं, दुसरं काही नाही. ते बराच वेळ पार्किंगकडं बघत उभे होते. आत आले तेव्हा एवढंच म्हणाले, ‘सायबाला सांग आदी. मग बगू.’

सरांना सांगायला आणखी दोन दिवस गेले. केबिनच्या दारापर्यंत जाऊन मी एकदा परत फिरले आणि स्टेपलरच्या पिना मागायला आले होते असं दाखवलं. दुसऱ्या खेपेला आत गेले.

‘सर, त्या पाणंदीचा आकडा चुकलाय.’

त्यांनी फाईल मागवली, पान काढलं. ‘तक्त्यावर सही तुमची आहे, मॅडम.’

‘हो. चूक माझीच आहे. मेंढरं तीनशेच्या वर होती. ते लोक खरा आकडा सांगत नाहीत.’

‘तुम्हाला कसं माहीत?’

हाच तो प्रश्न. सहा महिने मी ज्याच्यापासून पळत होते तो समोर येऊन बसला आणि उत्तर द्यायला चार शब्द लागले. ‘आम्ही मेंढपाळच आहोत, सर.’

त्यांच्या चेहऱ्यावर मला वाटत होतं तसं काहीच उमटलं नाही. त्यांना त्या पानाची काळजी होती. ‘मग त्या दिवशीच का नाही सांगितलं?’ त्यांनी विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पुढं म्हणाले, ‘तुमच्या सांगण्यावर मी आकडा बदलू शकत नाही. पंचवीसचे तीनशे झाले तर उद्या विभाग विचारेल, कशावरून? पुन्हा मोजणी करा. जागेवर, फोटोसकट. जूनच्या मध्याला अंतिम अहवाल द्यायचाय. त्याच्या आत मिळालं तर बघू.’

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मेंढरं तेव्हा कोकणाच्या तोंडाशी होती आणि जूनला महिना राहिला होता.

आता सुरू झालं वाट बघणं. आबांनी आटपाडीकडच्या नातेवाइकांना फोन लावायचा सपाटा लावला. या कळपाचा धनी कोण, त्याचा सोयरा कोण, सोयऱ्याचा मेहुणा कोण, असं करत करत चौथ्या दिवशी मामांचा नंबर मिळाला. नंबर मिळाला, पण फोन लागेना. हे लोक घोड्याच्या पाठीवर सोलरची पाटी बांधतात आणि तिच्यावर फोन चार्ज करतात. ऊन असलं आणि रेंज असली तर फोन लागतो, नाहीतर नाही. मी ऑफिसात दर तासाला लावायचे. कोकणात वळीव लवकर झाला तर ते लवकर निघतील, मग माझ्या आधीच पाणंद ओलांडून जातील. उशीर झाला तर जूनचा मध्य उलटेल. दुसऱ्याच वाटेनं आले तर? आबा म्हणायचे, ‘वाट बदलत न्हाईत ती.’ मी म्हणायचे, ‘आणि बदलली तर?’ मग आबा टीव्हीचा आवाज वाढवायचे.

मे संपता संपता एका दुपारी फोन लागला. आबाच बोलले. मी नुसती समोर उभी राहून त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आधी पाहुणेरावळे झाले, मग पाऊसपाणी झालं, मग कुणाच्या तरी कोकराला काय झालं ते झालं. मी हातानं खुणा करत होते, विचारा, विचारा. आबांनी मला हात हलवून गप्प केलं. शेवटी म्हणाले, ‘बरं. मंगळवारी येतो आमी फाट्यावर.’

मंगळवारी सकाळी साडेसातलाच आम्ही पाणंदीवर पोचलो. त्यांची बिऱ्हाडं आधी आली. दोन घोड्यांवर भांडी, मेंढरं कोंडायच्या जाळ्या, बाजेची लाकडं, वर बांधलेली कोंबडी, आणि बरोबर चार बायका, डोक्यावर बोचकी. मेंढरं चरत मागून येतात आणि बायका बिऱ्हाड घेऊन पुढच्या मुक्कामाला आधी जातात, ही नेहमीची रीत. त्या गाड्यांमधली फट बघून बघून रस्ता ओलांडून गेल्या. त्यांच्यातल्या एक म्हाताऱ्या बाई, मामांच्या घरातल्या असाव्यात, आबांना बघून थांबल्या, नमस्कार झाला. मी हात केला. पॅड गाडीतच होतं.

मामा तासाभरानं आले. मी त्यांच्या पाया पडले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, आमच्या बोलीत. मागच्या खेपेला पंचवीस ल्ह्यलं ते मीच, म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. ‘तवाच वाटलं मला, ही पोरगी कुत्र्यास्नी भीत न्हाई,’ एवढंच म्हणाले.

‘मामा, आता मला ती मोजू द्या. एकदाच.’

‘न्हाई,’ मामा म्हणाले.

‘आवं, वाट बंद होईल.’

‘हू दे. मोजायची न्हाईत.’

मी आबांकडं पाहिलं. आबा रस्त्याकडं बघत होते. त्यांच्याकडून काही मदत मिळणार नव्हती. त्यांनी स्वतः उभ्या आयुष्यात आपली मेंढरं किती ते माझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. दहा दिवसांवर अहवाल, समोर तीनशे मेंढरं, आणि मला ती मोजायची परवानगी नाही. मला रडू येईल असं वाटलं आणि त्याचाच राग आला.

मामांनी तंबाखू मळली, दाढेला लावली. मग काठीनं रस्त्याकडं बोट केल्यासारखं करून म्हणाले, ‘त्या गाड्या मोज की. आमी रस्ता वलांडूस्तवर किती गाड्या थांबत्यात, किती येळ थांबत्यात, ते मोज. त्यास्नी लागंना का दिष्ट.’

आबा हसले. मला हसायला उशीर लागला, कारण मी मनात हिशेब करायला लागले होते. खोळंबा. आमच्या सगळ्या शास्त्रात ज्याची खरी किंमत असते ती गोष्ट. मेंढरं किती, हे कोणाला महत्त्वाचं नव्हतं. गाड्या किती वेळ थांबल्या, हे सगळ्यांना महत्त्वाचं होतं. चौदा वर्षं हेच काम करून मला जे सुचलं नव्हतं ते मामांनी तंबाखू मळता मळता सांगितलं.

मी फोनचं घड्याळ लावलं, पॅड घेतलं, आबांना पलीकडच्या बाजूला फोटो काढायला उभं केलं. मामा रस्त्याच्या मधोमध गेले आणि काठी आडवी धरली. पहिला ट्रक थांबला. त्याच्या मागं दुधाचा टँकर, एसटी, दोन मोटारी, ट्रॅक्टर. मेंढरं बाहेर पडायला लागली. तीन मिनिटं झाली, रांग फाट्याच्या वळणापर्यंत गेली. पाचव्या मिनिटाला मागच्या लोकांनी हॉर्न धरले आणि एक जीप रांग सोडून चुकीच्या अंगानं पुढं आली. जोरात. मेंढरं बिचकली आणि कळप मधोमध दुभंगला. आबांनी फोन खिशात टाकला आणि ते जीपच्या पुढ्यात जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. जीप त्यांच्यापासून दोन हातांवर थांबली.

मी ओरडले नाही. मी घड्याळ बंदही केलं नाही. माझा अंगठा त्या बटणावर होता आणि मी अंक बघत होते. हे आठवलं की मला अजून स्वतःची लाज वाटते.

अकरा मिनिटं वीस सेकंद. दोन्ही बाजूंना मिळून चौऱ्याऐंशी वाहनं. आबा रस्त्याच्या कडेला येऊन बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. ‘झालं का तुजं?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मामांची सगळी मेंढरं सुखरूप पलीकडं गेली होती. किती होती ते मी आजही लिहीत नाही.

सरांना तो कागद एकदम पटला. ‘हे चालेल,’ ते म्हणाले. ‘मेंढरांच्या ये-जा करायच्या हंगामात आठवड्याला चार-पाच कळप, प्रत्येकी दहा-अकरा मिनिटं खोळंबा. याला कोणी नाही म्हणू शकत नाही.’ पाणंदीखाली जनावरांसाठी भुयारी मोरी अहवालात आली. नकाशावर तुटक रेघ रस्त्याखालून पलीकडं निघाली. मी त्या पानाची प्रत काढून घरी आणली आणि आबांनी ती चष्मा लावून, उलटी-सुलटी करून पाहिली. अंतिम अहवाल गुरुवारी विभागाकडं गेला. त्या दिवशी मी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले.

रविवारी आम्ही नकाशा घेऊन मामांना दाखवायला गेलो. त्यांचा मुक्काम आटपाडीच्या अलीकडं एका पडीक रानात होता. मामा मेंढरं घेऊन लांब गेले होते. त्या दिवशी नमस्कार करून गेलेल्या म्हाताऱ्या बाई, मामी, भाकरी थापत होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले आणि नकाशा जमिनीवर पसरला. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यांनीच चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले.

‘हे बगा मामी. हा रस्ता. हे त्येच्या खालनं भुयार. मेंढरं हिकडनं शिरणार आन् तिकडनं निगणार. वर गाड्या पळूद्यात न्हाईतर उडूद्यात.’

मामींनी पीठ लागलेलं बोट त्या रेघेवरून फिरवलं. ‘उच्च किती हाय?’

‘मामांच्या डोसक्यावर वीतभर.’

‘आन वर रस्त्याला काय?’

‘वर कठडा. दोनी बाजूस्नी. मदी दुभाजक. वरनं कुनी जायाचं न्हाई आता.’

मामींनी बोट उचललं, तव्यावरची भाकरी उलटली. मग अगदी साधेपणानं, माझी चूक काढायची म्हणून नव्हे, खरंच माहिती हवी म्हणून त्यांनी विचारलं, ‘मेंढरं गेली. आन आमी कुटनं जायाचं?’

पलीकडं घोडी बांधली होती. बाजेची लाकडं, जाळ्यांची भेंडोळी, हंडे, सगळं उतरवून खाली रचलेलं. ते सगळं पाठीवर चढलं की घोडं माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर जातं. बोचकं डोक्यावर घेतलेली बाई वाकून चालू शकत नाही. त्या मंगळवारी ही बिऱ्हाडं माझ्या डोळ्यांसमोरून रस्ता ओलांडून गेली होती. मी हात केला होता. तेव्हा पॅड गाडीत होतं, घड्याळ बंद होतं, कारण माझ्या लेखी मोजणी अजून सुरूच व्हायची होती. माझी आई पंचवीस वर्षं तशाच घोड्याचा कासरा धरून त्याच पाणंदीनं गेली होती, आणि मी रस्त्याखालून फक्त मेंढरांना वाट काढली होती. बायका आता दीड किलोमीटर कठड्याच्या कडेनं लादलेली घोडी घेऊन जाणार होत्या, आणि तसं मी स्वतः लिहून दिलं होतं.

आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी उठले, बांधावर जिथं रेंज येत होती तिथं गेले आणि सरांना फोन लावला. रविवारी सरांना फोन करायची माझी कधी हिंमत होत नाही.

‘आता काय?’ ते म्हणाले.

‘सर, पाणंदीच्या मोजणीत बायका राहून गेल्या.’

मी बिऱ्हाडांचं सांगितलं. घाईत, उलटसुलट सांगितलं.

‘अहवाल गेलाय, मॅडम.’

‘माहीत आहे, सर.’

मग ते म्हणाले, ‘उद्या दुरुस्तीचं पत्र देऊन बघतो. घेतील की नाही सांगता येत नाही. मोरीची उंची किती लागेल?’

माझं बालपण त्या घोड्यांमागून चालण्यात गेलं होतं आणि लादलेलं घोडं किती उंच होतं ते मला सांगता येईना. मी फोन कानाला धरून तशीच परत आले आणि मामींना विचारलं, घोडं किती उच्च व्हतं?

मामींनी हात झटकून पीठ पुसलं, तवा खाली उतरवला आणि एक घोडं सोडून आणलं. मग खाली रचलेलं बिऱ्हाड त्या एकेक करून त्याच्या पाठीवर चढवायला लागल्या.